घरची स्पिन बाइक, दिवाळी ते मे: सायकल उत्तम, कॅलरीचा आकडा बिनकामाचा

दिवाळीच्या सेलमध्ये चौदा हजारांना घेतलेली ही मॅग्नेटिक स्पिन बाइक आमच्याकडे रोज चालते. सकाळी मी, संध्याकाळी हे. फ्लायव्हील, बेल्ट, पॅडल हलकं-जड करणारा आठ लेव्हलचा नॉब वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते मीटरवरच्या कॅलरीबद्दल, कारण आमच्या घरात त्या आकड्यावर जेवण ठरत होतं. ह्यांना शुगर आहे, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. अर्ध्या तासाला ३१० कॅलरी दिसल्या की रात्री एक पोळी जास्त, असा हिशेब होता.

मार्चमध्ये मीटर बंद पडलं. सेल बदलले तरी स्पीड शून्यच. कस्टमर केअरनं आधी बिल मागितलं, मग फोटो, मग व्हिडिओ, आणि शेवटी ४५० रुपये व्हिजिट चार्ज. वॉरंटीतल्या वस्तूला व्हिजिट चार्ज कशाचा? मी दिला नाही. रोज फोन करून, वॉरंटी कार्डावरची ओळ वाचून दाखवून तो माफ करून घेतला. तुम्हीही देऊ नका.

आलेला मुलगा मात्र कामाचा होता. बाजूचं कव्हर उघडलं तर आत पुलीवर चिकटवलेला वाटाण्याएवढा चुंबक आणि त्याच्यासमोर दोन तारांचा सेन्सर. चुंबक समोरून गेला की मीटरला एक फेरा कळतो. बस, एवढंच. सेन्सर जागचा हलला होता, त्यानं तो जरासा पुढे घेऊन स्क्रू आवळला आणि आकडे सुरू झाले. मी विचारलं, नॉबची वायर मीटरला कुठून जाते? म्हणाला, "जातच नाही मॅडम. नॉबची केबल खाली ब्रेकच्या चुंबकाला जाते, वर काही नाही."

त्याच्यासमोरच करून पाहिलं. आरपीएम (मिनिटाला पॅडलचे फेरे) ६०, लेव्हल एक, पाच मिनिटं. मग आरपीएम ६०, लेव्हल आठ, पाच मिनिटं. आठवर मांड्या भरून आल्या, बोलता येईना. कॅलरी दोन्ही वेळा तेवढ्याच. म्हणजे मीटर फक्त फेरे मोजतं आणि त्याला एका ठरावीक आकड्यानं गुणतं. तुम्ही किती जोर लावला, त्याला पत्ताच नाही. आणि कॅलरी तर जोरावरच ठरते!

खरा आकडा काय असावा हे नणंदेच्या सोसायटीच्या जिममध्ये कळलं. तिथली सायकल वॉट दाखवते, म्हणजे पॅडलवर दर सेकंदाला किती काम होतं ते. घरच्या लेव्हल चारला जेवढी धाप लागते, तेवढीच तिथे लागली तेव्हा ७० वॉट दिसत होते. ७० वॉटनं अर्धा तास म्हणजे १२६ किलोज्यूल, म्हणजे पॅडलवर जेमतेम ३० कॅलरींचं काम. शरीर जाळलेल्या इंधनाचा चौथा-पाचवा हिस्साच पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. म्हणून जळल्या १२० ते १५०. हलक्या जोराला हे प्रमाण आणखी घसरतं, तेव्हा फार तर १७५ धरा. मीटर सांगतं ३१०! शुगरच्या माणसाला रोज निदान एका पोळीची चुकीची परवानगी देणारं यंत्र आहे हे.

लक्षात ठेवायला सोपं: तासभर सरासरी १०० वॉट म्हणजे ३६० किलोज्यूल, आणि शरीरानं जाळलेल्या खाण्याच्या कॅलरीही साधारण तेवढ्याच, ३६० किंवा थोड्या जास्त.

एप्रिलमध्ये मी हे लिहिलं असतं तर "मीटर सोडा, मनगटावरचं घड्याळ बघा" असं लिहिलं असतं. निदान ते वजन, वय विचारतं, नाडी बघतं. पण मे महिन्यातल्या नागपुरात तेही बिघडतं. कूलर बंद असताना तीच लेव्हल, तेच आरपीएम, पण नाडी चढलेली, कारण अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे धावतं. काम तेवढंच, घड्याळ मात्र कॅलरी वाढवून दाखवतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. सातपैकी सहांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर होती, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हा घड्याळातून आता मी फक्त नाडी घेते.

सायकलबद्दल तक्रार नाही, हेही लिहायलाच हवं. बेल्टचा आवाज नाही, पहाटे पाचला चालवली तरी सासूबाई जाग्या होत नाहीत. सीटची उंची नीट लावल्यापासून ह्यांचे गुडघे दुखत नाहीत. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. वहीत आता लेव्हल, आरपीएम, मिनिटं आणि नाडी एवढंच लिहितो. चौथ्या लेव्हलला पूर्वी १३५ असणारी ह्यांची नाडी आता, कूलर लावून, १२० च्या आसपास असते. त्यासाठी चौदा हजार मला महाग वाटत नाहीत.

पण खोक्यावर "कॅलरी ट्रॅकिंग" छापायचा हक्क कंपनीला नाही. घ्यायला गेलात तर दुकानातच बसून पाहा: आरपीएम तोच ठेवून नॉब पूर्ण फिरवा आणि कॅलरी पुढे सरकायचा वेग बदलतो का बघा. बदलला नाही तर तो आकडा नाही असं समजूनच भाव करा, आणि मीटरशिवायचं मॉडेल स्वस्त मिळत असेल तर तेच उचला.