देवनार की कांजूरमार्ग : खाडीला जास्त धोका कुणाचा?

मुंबईचा कचरा ठाणे खाडीच्या काठावर दोन तऱ्हांनी रिचवला गेला. देवनारला 1927 पासून नुसता ढीग. तळाला अस्तर नाही, त्यामुळे कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत आणि खाडीत उतरायला मोकळं. त्यातला अमोनिया नि जड धातू चिखलात बसतात. त्याच चिखलातल्या जीवांवर फ्लेमिंगो जगतात. आत कोंडलेला मिथेन पेटतो तो वेगळाच. जानेवारी 2016 मधला धूर मुंबईकर विसरलेले नाहीत.

कांजूरमार्गचा बायोरिअ‍ॅक्टर निश्चितच उजवा. खाली अस्तर, झिरपलेलं पाणी गोळा करून पुन्हा कचऱ्यात सोडायचं, म्हणजे कुजणं लवकर होतं. वायूही नळ्यांनी ओढून घेतात. दुर्गंधीच्या तक्रारी मात्र विक्रोळी-भांडुपकर वर्षानुवर्षं करताहेत.

पण माझा जीव अडकतो तो जागेपाशी. अस्तर फाटलं तर वरून दिसत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला. तसा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली, तर झिरपलेलं पाणी साठवायच्या टाक्या पुरतील? समोर तिवरं आहेत आणि 2022 पासून रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, असलेलं फ्लेमिंगो अभयारण्य. तंत्र कांजूरचंच हवं, पण खाडीपासून लांब.