गायरानावर गाडी घालताय? टायरमध्ये हवा भरायचा 12 व्होल्टचा पंप आधी घ्या

कोल्हापूर परिसरात ऑफ-रोडिंगसाठी (रस्ता सोडून गाडी चालवायला) स्वस्त जागा म्हणजे गायरान, तेही ग्रामपंचायतीची परवानगी असेल तरच. मसाई पठार संवर्धन राखीव आहे, तिथं चाकोरी सोडून गाडी घालूच नका. पावसाळ्यानंतर तिथं फुलं उगवतात ती जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत, आणि एका चाकाखाली ती जागा कायमची जाते.

पंप मात्र पैसे वसूल करणारा. गाडीच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडणाराच घ्या. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 15 अँपिअरचा, दमदार पंप त्याहून जास्त ओढतो आणि फ्यूज उडतो. लाल मातीत पकड मिळावी म्हणून टायरची हवा 18 ते 20 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणा, डांबरावर येताच गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्यावर न्या. मिनिटाला 35 लिटरचा पंप एका टायरला तीन-चार मिनिटं घेतो. इंजिन चालू ठेवा, दोन टायरनंतर पंप थंड होऊ द्या, नाहीतर पिस्टनची रिंग जाते.

शिरोळकडच्या काळ्या चिखलात हवा कमी करूनही फारसा फरक पडत नाही, खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. तिथं दोरी आणि दुसरी गाडीच हवी.

पंपावरचा काटा दोन-तीन पीएसआय चुकतो. हवा मोजायचा वेगळा गेज ठेवा.