मॉरिशसच्या राजचिन्हाचा ब्लेझर-बिल्ला: डोडो झकास, किल्ली उलटी

खिशावर लावायचा भरतकामाचा बिल्ला. रुंदी ९ सेंमी, पॉलिस्टर धागा, मागे इस्त्रीने चिकटणारा थर. मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला, म्हणजे १२ मार्चला, असा बिल्ला लावता येतो.

हे चिन्ह १९०६ सालचं, ब्रिटिश अमदानीतलं. १९६८ला स्वातंत्र्य आणि १९९२ला प्रजासत्ताक आलं, तरी ते तसंच राहिलं. ढालीचे चार भाग. वर निळ्यावर सोनेरी गलबत आणि शेजारी सोनेरी पार्श्वभूमीवर तीन ताडमाड. खाली सोनेरीवर लाल किल्ली आणि निळ्यावर पांढरा त्रिकोण, त्याच्या टोकाशी तारा. ‘हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली’ या लॅटिन ब्रीदाचंच हे चित्र. किल्लीचे दात खाली हवेत; इथे वर आहेत. अधिकृत चित्र समोर न ठेवता भरतकामाच्या यंत्राची फाइल बनवली की असंच होतं. धुऊन-बिऊन सुधारणारी चूक नव्हे ही.

ढालीच्या दोन्ही बाजूंचे डोडो (बेटावरचा, आता नामशेष झालेला पक्षी) आणि हरीण मात्र बघत राहावेत असे. दोघेही अर्धे लाल, अर्धे पांढरे, आणि मधली रेघ तटाच्या चर्यांसारखी दातेरी. बहुतेक स्वस्त बिल्ल्यांत ती सरळ तिरपी होऊन जाते, कारण २ मिमीहून लहान पायरी टाक्यांत बुजते. इथे पायऱ्या मोजता येतात. पांढऱ्याखालून लाल डोकावत नाही, म्हणजे वरच्या टाक्यांखालचा आधारटाका नीट घातलाय. दोघांजवळचे ऊसही ओळखू येतात. (हरीण मूळचं बेटावरचं नाही, डचांनी १६३९ला जावाहून आणलेलं. मूळचा डोडो गेला, पाहुणा टिकला.)

ब्रीदाची पट्टी वाचता येत नाही. अक्षरं जेमतेम ३ मिमी. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याला निदान ५ मिमी उंची लागते. १५ सेंमीचा बिल्ला मागवा, नाहीतर विणलेला घ्या.

लावताना वाफ बंद ठेवा, वर सुती कापड टाका, सुती कपड्याच्या तापमानावर १५–२० सेकंद दाबून धरा, उलट्या बाजूनेही तेवढंच. लोकरी ब्लेझरवर नुसता गोंद टिकत नाही. गार झाल्यावर काठाने हातटाके घाला. नायलॉनच्या जॅकेटला इस्त्री लावूच नका, थेट शिवा.

पाचपैकी तीन. कारागिरीला चार दिले असते, पण किल्ली उलटी असलेलं राजचिन्ह सरकारी समारंभाला घालून जाण्यासारखं नाही. विक्रेत्याकडून आधी जवळून काढलेला फोटो मागवा आणि किल्लीचे दात बघूनच पैसे द्या.