‘भूत बंगला’ की ‘गुमनाम’ : घरच्यांसोबत आधी कोणता पाहावा?

हे दोन्ही चित्रपट १९६५ सालचे आहेत आणि ओसाड वास्तू, खून व मेहमूद हे तिन्ही घटक दोन्हींत आहेत. त्यामुळे ज्यांनी यांपैकी एकही पाहिलेला नाही, त्यांना आधी कोणता लावावा असा प्रश्न पडणे साहजिक आहे. गेल्या हिवाळ्यात लागोपाठच्या दोन शनिवारी मी आई आणि बारा वर्षांच्या भाचीसोबत हे दोन्ही पाहिले. माझे मत त्या दोन रात्रींवर आधारलेले आहे.

निर्मितीचा विचार केला तर राजा नवाथे यांचा ‘गुमनाम’ निश्चितच सरस ठरतो. रंगीत छायाचित्रण, शंकर-जयकिशन यांचे संगीत, नंदा, प्राण, हेलन असा ताफा आणि लक्ष्मी छाया यांचे ‘जान पहचान हो’ हे मुखवट्यातले नृत्य, एवढ्यासाठीही तो पाहावा. लताबाईंचे ‘गुमनाम है कोई’ सुरू झाले तेव्हा मटार सोलत बसलेल्या आईचे हात थांबले होते.

मला खटकली ती एकच गोष्ट, पण ती शेवटपर्यंत खटकत राहिली. त्या हवेलीत अडकलेल्या माणसांची भीती टिकत नाही. जिवावर बेतलेले असताना समुद्रकिनारी गाणे रंगते, आणि मेहमूद यांचा लुंगीतला, दखनी बोलणारा खानसामा हेलनसोबत ‘हम काले हैं तो क्या हुआ’ हे स्वप्नगीत गाऊ लागतो. गाणे फक्कड आहे आणि खानसामाही लोभस आहे, याबद्दल वाद नाही. परंतु विनोद आला की भय खोलीबाहेर जाऊन उभे राहते आणि त्याला पुन्हा आत बोलवावे लागते. त्या गाण्यात भाची पाणी प्यायला उठून गेली आणि परत आल्यावर तिने विचारले, “मामा, मग त्या खुनाचं काय झालं?”

‘भूत बंगला’मध्ये हा प्रश्न तिला पडला नाही. मेहमूद यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट असल्याने त्यात कच्चेपणा आहे. युथ क्लबचे प्रसंग लांबले आहेत आणि रहस्याची उकल कदाचित ‘गुमनाम’इतकी बांधीव वाटणार नाही. मात्र मेहमूद आणि राहुल देव बर्मन (होय, संगीतकार पंचमच, येथे नट म्हणून) रात्री त्या बंगल्यात शिरतात, तेव्हा त्यांची घाबरगुंडी हाच विनोद असतो आणि तीच आपली भीतीही असते. हसणे आणि दचकणे एकाच क्षणी घडते, आणि भुताच्या विनोदी चित्रपटाकडून माझी अपेक्षा नेमकी हीच असते. तनुजा यांचा टवटवीतपणा आणि मन्ना डे यांचे ‘आओ ट्विस्ट करें’ हा त्यावरचा लाभ.

ज्यांना गाणी आणि रहस्य अधिक प्रिय आहे, त्यांनी ‘गुमनाम’ आधी लावल्यास काही बिघडणार नाही. लहान मुले सोबत असतील तर मात्र मी ‘भूत बंगला’च सुचवीन. तो कृष्णधवल असल्यामुळे रात्रीचे प्रसंग उजेडात नीट दिसत नाहीत, तेव्हा खोलीतला दिवा आठवणीने बंद करावा. आम्ही बंद केला होता; भाचीने दोन्ही पाय सोफ्यावर घेतले आणि चित्रपट संपेपर्यंत खाली सोडले नाहीत.