लूप अँटेनाच्या नावाखाली केबल टीव्हीचा बूस्टर

फ्लॅटमध्ये राहून रेडिओवर शॉर्टवेव्ह (दूरदूरची केंद्रं येतात तो पट्टा) ऐकणाऱ्यांना सध्या एक ‘ॲक्टिव्ह लूप अँटेना’, म्हणजे ॲम्प्लिफायर जोडलेला गोल तारेचा अँटेना, विकला जातोय. स्टीलच्या तारेचं गोल कडं, त्याच्या बुडाशी करड्या रंगाची प्लॅस्टिकची डबी, वीज द्यायचा छोटा खोका आणि केबल, किंमत साडेसहा हजार रुपये. मी तो घेतला, तपासला आणि शेवटी डबी फोडून पाहिली. आणखी कुणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आपल्यासारख्यांना असा अँटेना का हवा असतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. गच्चीवर तार बांधू दिली जात नाही, बाल्कनीत लांब तारेला जागा नसते. त्यात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, लिफ्टची मोटर या सगळ्यांची घरघर रेडिओत शिरते. यावर छोटा लूप हा खरोखरच चांगला उपाय आहे. तो लहरींचा चुंबकीय भाग पकडतो, त्यामुळे जवळच्या उपकरणांचा त्रास बऱ्याचदा कमी होतो, शिवाय फिरवून नको ती दिशा दाबता येते. खऱ्या तंत्राच्या आडून ही फसवणूक चालते, याचा मला जास्त संताप येतो.

मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये या अँटेनाचा व्हिडिओ आला होता. टेबलावर ट्रान्झिस्टर, पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावलेलं, आवाज खरखरीत. अँटेनाची पिन खोचली की आवाज स्वच्छ. नंतर तोच व्हिडिओ सावकाश चालवून बघितला. उजव्या हाताने पिन खोचताना विकणारा डाव्या हाताने ट्रान्झिस्टर हळूच पाव फेरा फिरवतो! मीडियम वेव्हसाठी ट्रान्झिस्टरच्या आतच फेराइट रॉड, म्हणजे तार गुंडाळलेली चुंबकीय कांडी, अँटेना म्हणून असतो आणि रेडिओ फिरवला की त्याची पकड बदलते. बहुतेक ट्रान्झिस्टरांत बाहेरच्या अँटेनाची पिन मीडियम वेव्हला जोडलेलीच नसते. म्हणजे आवाज सुधारला तो फेराइट रॉडमुळे, अँटेनाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

पार्सल आलं, जोडणी केली, डबीवरचा लाल दिवा लागला. छोट्या लूपची पहिली परीक्षा सोपी असते. दिवसा जवळचं मीडियम वेव्ह केंद्र बाहेरच्या अँटेनावर चालणाऱ्या रिसीव्हरवर लावायचं आणि कडं फिरवायचं. कड्यातून आरपार पाहिल्यावर केंद्राची दिशा दिसेल असं धरलं की आवाज एकदम पडायला हवा. इथे कडं कसंही फिरवा, फरक शून्य. मग कडं काढूनच टाकलं, तरी केंद्र तसंच चालू. सिग्नल येत होता तो केबलमधून. कडं नुसतं शोभेचं होतं.

शॉर्टवेव्हवर तर त्याहून वाईट. कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) मी डायरेक्ट सॅम्पलिंगवर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल थेट मोजणाऱ्या पद्धतीने, वापरतो. १४.२ मेगाहर्ट्झच्या आसपास हॅम मंडळींचं, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचं, बोलणं ऐकू यायला हवं, तिथे रुंद पट्टा दिसत होता आणि त्यात हिंदी गाणं. ते होतं पुण्याचं १०१ मेगाहर्ट्झचं एफएम. असा डोंगल सिग्नलचे सेकंदाला २ कोटी ८८ लाख नमुने घेतो, म्हणजे वेग २८.८ मेगाहर्ट्झ. पुढे नीट फिल्टर नसेल आणि एफएमचा सिग्नल तगडा असेल, तर तो दुमडून खाली येतो, म्हणजे खालच्या खोट्या जागी दिसतो. २८.८ ची चौपट ११५.२, त्यातून १०१ वजा केले की बरोबर १४.२. त्या व्हिडिओत ‘बघा किती स्टेशनं’ म्हणून दाखवलेले रुंद पट्टे याच जातीचे आहेत. शॉर्टवेव्हचं केंद्र १० किलोहर्ट्झच्या आत मावतं, त्यामुळे दीड-दोनशे किलोहर्ट्झचा पट्टा दिसला की ते एफएमचं भूत समजा.

विक्रेत्याला फोन केला. “सर, तुमच्या एरियात नॉइज आहे.” पुरावे पाठवले तेव्हा, “सर, रिसीव्हर चेक करा.” पैसे परत मागितले, तर डबीला हात लावलात की वॉरंटी गेली, असं बजावलं आणि नंबर ब्लॉक केला.

डबी एपॉक्सीने, म्हणजे कडक होणाऱ्या डिंकाने, भरलेली. ‘आमचं गुप्त डिझाइन’ असं कारण तो देतो. हीट गनने थोडं थोडं मऊ करत खरवडलं, तेव्हा खालून केबल टीव्हीच्या बूस्टरचं सर्किट निघालं. आयसीवरचा नंबर घासून काढलेला, पण बोर्डावर ‘४७–८६२ मेगाहर्ट्झ’ ही छपाई शाबूत होती. शॉर्टवेव्ह ३ ते ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे ज्या कामासाठी घेतला तिथे हा बूस्टर निकामी. ८८ ते १०८ मधलं एफएम मात्र त्याच्या ऐन पट्ट्यात, तेच तो फुगवून रिसीव्हरच्या डोक्यावर मारतो. पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, असा बूस्टर काही शे रुपयांत मिळतो.

जाहिरातीत ‘५० डीबी गेन’ ठळक छापलं होतं. गेन म्हणजे सिग्नल किती वाढवला जातो ते. शॉर्टवेव्हला नुसत्या गेनचा फारसा उपयोग नसतो. तिथे वातावरणाचा आणि शेजारपाजारच्या उपकरणांचा गोंगाटच इतका असतो की गेन वाढवला की गोंगाटही तेवढाच वाढतो. बघायचं ते हे, की तगडं केंद्र आलं तर ॲम्प्लिफायर गुदमरतो का. विकणाऱ्याकडे लूप फिरवून आवाज पडलेला दाखवा म्हणा, ॲम्प्लिफायरची वीज काढून दाखवा म्हणा. खऱ्या ॲक्टिव्ह लूपमध्ये वीज काढली की सिग्नल बसतो. हे लाइव्ह व्हिडिओ कॉलवर दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

मीडियम वेव्हपुरतं हवं असेल तर विकत घ्यायची गरजच नाही. ६० सेंटिमीटरच्या लाकडी चौकटीवर तारेचे दहाएक वेढे घ्या, टोकांना जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (केंद्र लावायला फिरवायचा भाग) जोडा आणि ट्रान्झिस्टर चौकटीजवळ ठेवा. वायर जोडायची नाही, वीज लागत नाही. गँग फिरवून सूर जुळला की रात्री दूरची केंद्रं उठून येतात.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे, तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची पावती आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. तुमच्याकडेही अशी करडी डबी असेल, तर फोडण्याआधी कडं काढून सिग्नल तसाच येतो का याचं चित्रण करून ठेवा. डबी फोडल्यावर ते दाखवता येणार नाही आणि तक्रारीत मला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतोय.