इंग्लिश विलो बॅट, आठ महिन्यांनंतर: लाकडाचं ठीक आहे, पण ते स्टिकर...

बॅट घेऊन आठ महिने झाले. वजन, ग्रेन, एजची जाडी वगैरे तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओत बघितलंच असेल, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही देत नाही, कारण व्हॉट्सॅपवर त्यांच्याशी अजून बोलणं सुरू आहे. मला फक्त स्टिकरबद्दल बोलायचंय.

हसू नका, आधी ऐका. आमच्या इंदूरच्या चिमणबाग मैदानावर रविवारची मॅच, लेदर बॉल, मी चौतीसवर खेळत होतो (या वयात चौतीस म्हणजे काय ते आमच्या टीमला विचारा), मागच्या स्टिकरचा कोपरा आठवडाभर आधीच सुटला होता आणि मी त्याला सेलोटेप लावून ढकलत होतो. डावखुऱ्या स्पिनरचा बॉल बाहेर गेला, मी बॅट मागे खेचली, चट असा आवाज आला आणि किपर नाचायलाच लागला. मी ओरडतोय अरे ते स्टिकर वाजलं, अंपायर म्हणे, "भाऊ, स्टिकर कुणाच्या बॅटचं आहे?" आऊट. नियमाने तो बरोबर असेलही, पण त्या दिवशी उसळ-पोहेसुद्धा गोड लागले नाहीत.

आता मुद्दा असा की माझा धंदाच स्टिकरचा आहे. मालगंजला दुकान आहे, फ्लेक्स, विनाइल (स्टिकरचं प्लास्टिक), दुकानांचे बोर्ड, गाड्यांवरची नावं, वीस वर्षं हेच करतोय. बॅटचं स्टिकर हातात धरलं की मला कळतं लॅमिनेशन कुठल्या भावाचं आहे. १३,८०० ची बॅट आणि त्यावर असलं विनाइल की आम्ही निवडणुकीच्या बॅनरलासुद्धा वापरणार नाही. कंपनीला फोटो पाठवला तर उत्तर आलं की स्टिकर वॉरंटीत नाही, नवा सेट ७५० रुपये, कुरियर वेगळं. साडेसातशे! तोच सेट मी माझ्या मशीनवर कटिंगसकट पन्नासच्या आत काढतो.

खरं सांगायचं तर थोडी चूक माझीही आहे. मे महिन्यात बॅट दोन आठवडे गाडीच्या डिक्कीत पडून होती, इंदूरचा मे म्हणजे माहितीच आहे. जवसाचं तेलही मी जरा सढळ हाताने लावलं होतं, मागच्या बाजूलाही, आणि तेल गोंदाखाली गेलं की काही टिकत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं. पण म्हणून साडेसातशे?

रागाने सगळं स्टिकर ड्रायर फिरवून खरवडून काढलं, आणि खाली काय, चांगली आठ आण्याच्या नाण्याएवढी काळपट गाठ! वर पुट्टी भरून घासलेली. बरोब्बर लोगोच्या खाली. मग मात्र डोकं फिरलं, म्हटलं फसवलं आपल्याला, इथे एक स्टार देऊन टाकायचं ठरवलं होतं. पण बॅट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे घेऊन गेलो तर त्यांनी दोनदा ठोकून बघितली आणि परत दिली. म्हणाले, मागच्या बाजूची गाठ आहे, मारायच्या जागेपासून लांब, खेळायला काही फरक पडत नाही, दिसायला वाईट म्हणून ग्रेड उतरते आणि म्हणूनच तर तुला या भावात मिळाली. त्यापेक्षा खालचा टो, म्हणजे बॅटचं खालचं टोक बघ, ओल लागून फुगलाय, त्याची काळजी कर. टोची काळजी मी केली नाही. मी स्टिकरचाच विचार करत होतो.

महिनाभर कोरी बॅट घेऊन खेळलो. १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये तेंडुलकर बिना स्टिकरच्या बॅटने खेळला होता आणि ५२३ रन काढून स्पर्धेत सगळ्यात पुढे राहिला, एम आर एफचं स्टिकर नंतर आलं, आणि ते तर मुळात टायरवाले. मी हे उदाहरण आमच्या टीमला दिलं तर कुणी ऐकून घेतलं नाही. उलट गंमत अशी की कोऱ्या बॅटला बॉलर घाबरतच नाहीत. आधी नव्या बॅटकडे बघून जरा लांब टाकायचे, आता सरळ बाउन्सर. लाकूड तेच, माणूस तोच. मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगतोय की बोर्ड चांगला लावा, धंदा वाढतो, पण ते मला स्वतःला इतकं कधी पटलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी दुकानातच स्वतःचा सेट काढला. चांगलं कास्ट विनाइल, वर जाड लॅमिनेशन, मागे मोठ्या अक्षरात आमच्या दुकानाचं नाव. गाठ परत झाकली गेली, हो, तेही कबूल. सेहवागने २०११ मध्ये आमच्याच होळकर स्टेडियमवर २१९ ठोकले होते, मी त्या दिवशी गॅलरीत होतो, त्या आठवणीने खाली छोटं २१९ टाकलं. पाच महिने झाले, एक कोपरा हललेला नाही. दोन टीमने विचारलं कुठून आणलं आणि आता त्यांचे बावीस सेट मी केलेत, बॅटचे अर्धे पैसे तिथूनच निघाले. पोरं येतात आणि काश्मीर विलोच्या स्वस्त बॅटवर त्या टायरवाल्यांचा लोगो मागतात, ते मात्र छापत नाही, ट्रेडमार्कचं लफडं कोण गळ्यात घेणार.

बाकी बॅट कशी आहे विचाराल तर पिंग (बॉल लागल्यावरची उसळी) चांगला आहे, वजन खाली जरा जास्त, हँडल ठणठणीत. नॉकिंग, म्हणजे नवी बॅट हातोडीने ठोकून तयार करणं, मी गच्चीवर पंधरा दिवस केलं, आई म्हणाली सुतार लागलाय का घरी. टो फुगलाय तो आता वाढतोय, ते काका बरोबर होते.

आणि मागच्या आठवड्यात कंपनीचं कुरियर आलं! फुकट सेट, सोबत सॉरीची चिठ्ठी. मॉडेल दुसरंच, प्लेयर एडिशन, माझ्या बॅटला बसतच नाही. चिरंजीवाने ते नेऊन सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्याला चिकटवलं, चांगलं चकाचक सोनेरी. सकाळी कचरागाडीवाला डबा उचलून उलटसुलट बघत उभा, म्हणे, "भिया, ये कौन सी कंपनी का डब्बा है, मैं भी ले लूँ?"