घरच्या घरी सीएपीडी: आठ महिने, दिवसाला चार बॅगा

सीएपीडी म्हणजे पोटातून होणारं डायलिसिस: पोटात नळीनं औषधी पाणी भरून ठेवायचं, रक्तातली घाण पोटातल्या पडद्यातून त्यात उतरते, मग ते काढून नवं भरायचं. त्याला मशीन नाही, वीज नाही. दोन लिटरची भरलेली बॅग खुंटीला, रिकामी फरशीवर, बाकी काम उतारानं होतं. मशीनवरच्या डायलिसिसला एका खेपेला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं, वर आठवड्यातून तीनदा लातूर नाहीतर संभाजीनगर. खेड्यातल्या माणसाला ही खेप वाचते, हाच मोठा फायदा.

पण हात धुण्याचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊच नका. दार, खिडकी, पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा. तोंडाला मास्क. पाणी टँकरचं असलं तरी बादलीत हात बुडवायचे नाहीत, तोटीचा ड्रम ठेवा. हात पूर्ण कोरडे करून मग सॅनिटायझर. बॅगेची नळी पोटाच्या नळीला जोडली की पोटातलं पाणी वीस मिनिटं निचरू द्या. ट्रान्सफर सेट (पोटाच्या नळीला जोडलेली, उघडझाप होणारी छोटी नळी) बंद करून नव्या बॅगेचं सील मोडा आणि पाच अंक मोजेपर्यंत पाणी थेट खालच्या बॅगेत सोडा, म्हणजे नळीतली हवा निघते. मग खालची नळी चिमट्यानं बंद करून, ट्रान्सफर सेट उघडून पोटात भरा, दहा मिनिटं. शेवटी ट्रान्सफर सेट बंद करून, बॅग काढून त्याच्या तोंडाला नवी कॅप. खाली पडलेली कॅप पुसून लावू नका, दुसरी घ्या.

निघालेली बॅग वर्तमानपत्रावर ठेवून बघा. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. गढूळ दिसली तर जंतुसंसर्गाची शंका; पोट दुखो न दुखो, त्याच दिवशी केंद्रावर जा आणि ती बॅग सोबत न्या, तपासणी तिचीच होते. उद्यावर ढकललं तर पोटातला पडदा खराब होऊ शकतो.

निचरा कमी आला की घाईनं 4.25 टक्के साखरेची, जास्त पाणी ओढणारी बॅग लावली जाते. त्यात साखर जास्त, मधुमेह्याची शुगर चढते. आधी नळी मुडपलीय का बघा, मग शौचाला साफ झालं का विचारा. पोट साफ नसेल तरी निचरा अडतो. प्रत्येक बॅग ताणकाट्यावर तोलून वहीत लिहा.

महिन्याच्या 120 बॅगा म्हणजे अडीच क्विंटलचा माल. पत्र्याखाली रचू नका, उन्हाळ्यात तापतो. गाडी उशिरा येते, आठवड्याचा साठा शिल्लक हवाच.

किडनीचा पेशंट म्हणून वरण तोडणं इथे चालत नाही. रोज निचऱ्यातून पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं जातात. आहारतज्ज्ञाला विचारून घट्ट वरण, अंड्याचा पांढरा भाग ताटात ठेवा.